मुकादमबाई आणि गरम झाली की थांबणारी गाडी

पाटीवर नुसतं ‘डॉ. मुकादम’ एवढंच लिहिलेलं होतं. नव्वदीची ती पहिली वर्षं, आणि नेरूळमध्ये माणसांपेक्षा इमारतींची वाढ जोरात होती. त्यामुळे एके सकाळी दोन गवंडी ती पाटी वाचून सरळ दवाखान्यात शिरले आणि काही काम आहे का म्हणून विचारू लागले. मुकादम म्हटल्यावर त्याच्या आधी काय लिहिलंय ते कोण वाचतो? बाईंनी त्यांना हाकललं नाही. बसवलं, पाणी दिलं, आणि त्यातला एक जण उठताना ओटीपोट दाबून धरतो एवढं पाहिलं. काम दोघांनाही मिळालं नाही, पण एकाला हर्निया मिळाला. त्याचं ऑपरेशनही बाईंनीच ओळखीच्या सर्जनकडून करवून घेतलं. पुढे तो गवंडी कितीतरी वर्षं येत राहिला, आणि साऱ्या नेरूळमध्ये तो एकटा त्यांना ‘मुकादम’ अशी हाक मारायचा. बाकी सगळ्यांना त्या डॉक्टरबाई.

डॉक्टर जमीला मुकादम मूळच्या उरणच्या. तिथे त्यांच्या वडिलांची भाताची गिरणी होती. यजमान लवकर गेले, मुलगा आखातात नोकरीला, आणि बाई आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या दोन खोल्यांत घर करून राहायच्या. मी त्यांच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. ‘शेजारी’ म्हणायच्या. समोरासमोर असलो तरी ‘काय शेजारी’, आणि खिडकीतून वर बघत असल्या तरी ‘अहो शेजारी’. बांधा बुटका आणि ऐसपैस, सुती साडीवर पांढरा कोट, एक चष्मा कपाळावर, एक गळ्यात, आणि दोन्ही हात टेबलावर तिसरा चष्मा शोधत असलेले.

बाई रोग्याला तीनच प्रश्न विचारायच्या. पहिला, कधीपासून? दुसरा, त्याच्या आधी काय बदललं? या दोन्हींची उत्तरं शांतपणे ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या, नाडी बघायच्या. रोगी सुटलो म्हणून उठायला लागला, की चष्म्यावरून त्याच्याकडे बघत तिसरा प्रश्न यायचा. “आणि न सांगितलेलं?”

या प्रश्नावर माणसं काय काय करतात ते मी दवाखान्यातल्या बाकावर बसून पाहिलेलं आहे. काही हसतात. काही रागावतात. एक गृहस्थ तर उठून दार लावून आले. पण जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा एकच उत्तर देतो: “काही नाही.” बाई त्यावर वाद घालत नसत. नुसतं थांबत. त्यांचं म्हणणं असं, की लोक डॉक्टरशी खोटं बोलत नाहीत. जे त्यांना सांगण्यासारखंच वाटत नाही ते फक्त गाळतात. शाळेत गाळलेल्या जागा भरायला दोन मार्क असतात, त्या म्हणायच्या, आणि इथे रोग नेमका त्याच जागेत खुर्ची टाकून बसलेला असतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस यांच्या नाकाखाली एकदा पुरळ उठलं. लाल, खाजरं, चांगलं महिनाभर टिकलेलं. टिपणीस म्हणजे शिस्तीचा माणूस. त्यांनी आधी आंब्यांना दोष दिला, मग साबणाला, आणि शेवटी नळाच्या पाण्याला. पाण्याबद्दल तर त्यांनी सगळ्या सभासदांच्या सह्यांचा अर्जही पाठवून दिला. मग बाईंकडे आले. कधीपासून, काय बदललं, सगळं झालं. न सांगितलेलं? “काही नाही,” टिपणीस ठामपणे म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. डोक्यावरचे केस पिकलेले आणि मिशा मात्र तव्याच्या पाठीसारख्या काळ्या. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि हातात दिली. त्या कागदावर काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पंधरा दिवसांत टिपणीसांच्या मिशा मुळाकडून पांढऱ्या होत आल्या, पुरळ गेलं, आणि पाण्याबद्दलचा अर्ज सोसायटीनं मागे घेतला.

बाईंची दुसरी खोड म्हणजे दुधाच्या पिशव्या. त्या काळी बहुतेक घरांत रिकामी पिशवी धुऊन ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवून वाळवायची आणि रद्दीवाल्यासाठी साठवायची पद्धत होती. बाईंच्या पिशव्या मात्र रद्दीवाल्याला कधी दिसल्या नाहीत. पावसाळा लागला की त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला दुधाच्या पिशवीचा रेनकोट मिळायचा. ब्लडप्रेशरचं यंत्र पिशवीत, थर्मामीटर पिशवीत, मनगटावरचं घड्याळ मनगटासकट पिशवीत. टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला की चुरचुर आवाज यायचा, कारण तोही पिशवीतच. छत्रीच्या मुठीलासुद्धा मी पिशवी बघितली आहे. छत्री भिजू नये म्हणून, असं मी म्हणालो तर बाई म्हणाल्या, “मूठ लाकडाची आहे, शेजारी. लाकूड फुगतं.” खाडीची दमट हवा काय करते ते गिरणीवाल्याच्या मुलीला सांगायला नको, हेही वर ऐकवलं.

आणि तिसरी खोड, यंत्रं. यंत्रातलं त्यांना फारसं कळत नव्हतं आणि ते त्या मोठ्या खुशीत कबूल करायच्या. पण सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडला की पंप दुरुस्त करणाऱ्याच्या आधी बाई तिथे हजर. कान लावून ऐकायच्या. मग त्या बिचाऱ्याला विचारायच्या, कधीपासून? त्याच्या आधी काय बदललं? तो म्हणायचा, बाई, मी आत्ताच आलोय. लहानपणी गिरणीच्या इंजिनाला कान लावून त्या बसत, आणि वडील ओरडले की सांगत, ते काय म्हणतंय ते ऐकतेय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही त्यांचा तोच उद्योग चालू होता.

बाईंची फियाट साईच्या रंगाची होती आणि त्यांच्याइतकीच ऐसपैस. तिच्यात बसून त्या दर रविवारी उरणला जायच्या. वडिलांच्या जुन्या घराच्या पडवीत गल्लीतल्या बायका, करंजा बंदरावरच्या कोळणी, शेतावरच्या बायका सकाळपासून बसलेल्या असत. मुंबईची लेडी डॉक्टर म्हणून नव्हे, गिरणीवाल्यांची जमीला म्हणून. बुरखा असो की नऊवारी, पडवीत रांग एकच आणि रांगेतलं भांडणही एकच. बाई तो रविवार ईदलाही चुकवत नसत. एवढंच की ईदच्या दिवशी औषधाबरोबर शेवयाही मिळत.

एका वर्षी मे महिन्यात फियाटच्या इंजिनानं प्राण सोडला. पिस्टन धरला, आतलं सगळं खरवडून निघालं. तेव्हा विलास म्हात्रे पुढे आला. विलास करावे गावचा, आगरी, तिशीतला. गावाची शेतं नव्या शहराखाली गेली तेव्हा याच्या बरोबरीचे काही जण रिक्षा चालवायला लागले, काही रेती-विटांच्या धंद्यात गेले. हा तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये काम शिकला आणि गावाच्या कडेला पत्र्याखाली स्वतःची पाटी लावून बसला. अख्खं इंजिन बदलण्याचं त्याचं हे पहिलंच काम. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून, एका अपघात झालेल्या फियाटचं धडधाकट इंजिन त्यानं शोधून आणलं, उघडून साफ केलं, बसवलं, आरटीओत नोंदही करवून घेतली. आमच्या सोसायटीत तेव्हा ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सगळे गॅलरीतून बघत होते. बाईंचं इंजिन चाललं तर आपलीही गाडी विलासकडे, असं मनातल्या मनात ठरवून.

इंजिन चाललं. जूनमध्ये चाललं, जुलै-ऑगस्टमध्ये चाललं. त्या पावसाळ्यात उरणच्या रस्त्याची कंटेनरच्या ट्रेलरांनी चाळण केली होती, म्हणून बाई उरणला गेल्या नाहीत. उरणच्या बायकाच एसटीनं नेरूळला यायच्या. गाडी स्टेशनपर्यंत, मार्केटपर्यंत, फार तर कोपरखैरण्याला एखाद्या बाळंतिणीकडे. विलासकडे दोन गाड्या गेल्या, तिसरी जाणार होती.

मग पाऊस संपला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, आणि नवरात्रातल्या रविवारी बाई उरणला निघाल्या. गव्हाण फाटा ओलांडला आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. एका ट्रकवाल्यानं थांबून बॉनेट उघडलं, आतून भपकन गरम वाफ आली. त्यानं पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाशेजारच्या त्या छोट्या पंपावर, ओलं फडकं टाकलं. अशा गाड्यांचा हा उपाय रस्त्यावरच्या प्रत्येकाला पाठ होता. गरमीनं नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. अर्धा तास गेला, गाडी चालू झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तोच रस्ता, तेच ओलं फडकं, तोच अर्धा तास. उरणच्या पडवीतल्या बायका दुपारपर्यंत ताटकळल्या.

‘गरम झाली की थांबते’ हे वाक्य आमच्या इमारतीत दिवाळीच्या फराळासारखं घरोघरी फिरलं. प्रत्येकानं त्यात आपापलं काहीतरी घातलं. कुणी म्हणालं कॉइल, कुणी म्हणालं कंडेन्सर. कुणी म्हणालं विलासनं बाईंचं मूळचं चांगलं इंजिन विकून खाल्लं. टिपणीसांनी तर कळस केला. गेटपाशी उभं राहून ते म्हणाले, “अपघाताच्या गाडीचं इंजिन आहे ते. गरम झालं की त्याला आठवतं.” हे ऐकून रात्री आमच्या घरात दोन पोरं झोपेनात.

विलासनं काय केलं नाही? कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पंप बदलला, पेट्रोलची नळी तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब वळवून नेली. स्वतः गाडी घेऊन भर उन्हात नेरूळच्या चकरा मारल्या. आणि गंमत बघा, विलासच्या हातात गाडी एकदाही थांबली नाही. तापून लाल झाली तरी थांबली नाही. त्यामुळे तर तो आणखीच बुडाला. इंजिनानं आपल्या माणसाला ओळखलं, असं लोक म्हणायला लागले. बाई एवढंच म्हणाल्या, “रोगी डॉक्टरसमोर कधी खोकत नाही.” टिपणीसांनी विलासला तोंडावर विचारलं, “आता काय बदलायचं राहिलं? बाई बदलून बघा.” सगळे हसले. विलासही हसला, पण खाली बघून.

ज्यांनी गाड्या दिल्या होत्या त्यांनी त्या परत नेल्या. एक तर अर्धी उघडलेली, दोरीनं ओढत नेली. आणि दिवाळीआधीच्या सोसायटीच्या मीटिंगसाठी टिपणीसांनी विषय लावला, की विलास म्हात्रे यांना आवारात कामासाठी येऊ देऊ नये.

त्याच आठवड्यात, संध्याकाळी, मी खोकल्यासाठी बाईंच्या बाकावर बसलो होतो. विलास आत आला आणि दारातच उभा राहिला.

“इंजिन चांगला हाय, डॉक्टरबाय,” तो म्हणाला. “मी सोता खोलून बघितलाय. पन लोकांना सांगू काय? भाऊ बोलतो, उरणला कंटेनरच्या यार्डात वॉचमनची जागा हाय, ती धर. दिवालीला पाटी उतरवतंय मी.”

बाई मग उठल्या. त्याचा दंड धरून त्यांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, आणि स्वतः रोग्याच्या स्टुलावर जाऊन बसल्या. विलासचे हात ग्रीसनं काळे. टेबलाला लागू नयेत म्हणून त्यानं ते, ऑपरेशनच्या आधी सर्जन धरतात तसे, हवेत धरले.

“आता तू डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “मी गाडी. विचार.”

“काय विचारू?”

“मी लोकांना काय विचारते?”

विलासनं माझ्याकडे बघितलं. मी कुठे बघायचं ते न कळून भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघितलं.

“कवापासून?” त्यानं विचारलं.

“नवरात्रातल्या रविवारपासून.”

“त्याच्या आधी काय बदलला?”

“इंजिन.”

“इंजिन तं मे मयन्यात बदललाय,” विलास म्हणाला. आता त्याचे हात जरा खाली आले. “पुरा पावसाला चाललाय. मंग इंजिन कसा?”

बाईंचा चेहरा असा खुलला, की जणू एखाद्या विद्यार्थ्यानं न शिकवलेलं गणित सोडवलं. “मग आणखी विचार,” त्या म्हणाल्या.

“खाल्ला काय?”

“पेट्रोल.”

“किती?”

“उरणला जाताना गळ्यापर्यंत. वाटेत अडकायला नको म्हणून निघतानाच टाकी भरते. एरवी इथल्या इथे, थोडं थोडं.”

विलास मग हळूच म्हणाला, “माज्याकरं कवा भरलेली टाकी आलीच नाय. मी अर्ध्याच्या खालीच फिरवलीय.” आणि थांबून, “म्हंजे गरम झाली की नाय थांबत. पोट भरला की थांबतंय.”

“माणसाचंही तसंच असतं,” मी म्हणालो. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

शेवटचा प्रश्न विचारायला विलास लाजत होता. बाईंनी हातानं खूण केली, विचार. “आनि न सांगितलेला?” तो म्हणाला.

बाई मनापासून हसल्या. “काही नाही,” म्हणाल्या.

त्या बाकावर बसून मी हे उत्तर इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याचा सूर मला ओळखू येत होता. तंतोतंत टिपणीसांच्या मिशांचा सूर. पण मी माझा खोकला सांभाळत गप्प बसलो. तो त्या संध्याकाळी तपासायचा राहिलाच.

रविवारी आम्ही तिघं निघालो. बाई गाडी चालवत होत्या, शेजारी विलास, मागे मी. पेट्रोलपंपावर गाडी लागली तेव्हा बाई स्वतः उतरल्या. टाकीचं झाकण त्या कधी पंपावरच्या माणसाला उघडू देत नसत. तो नळी हातात घेऊन बाजूला उभा राही आणि बाई झाकण काढून, मागे होऊन, भरा म्हणत. मी काचेतून सहज बघत होतो. झाकण निघालं. त्याच्याखालून बाईंनी आणखी काहीतरी काढलं, झटकलं आणि मुठीत धरलं. टाकी भरली. मग बाईंनी मुठीतली ती वस्तू टाकीच्या तोंडावर ठेवली आणि बोटांनी तिच्या सुरकुत्या काढायला लागल्या. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना बायका कापड ताणून बसवतात, अगदी तशी निगुतीनं.

आणि तशाच थांबल्या. वाकलेल्या, बोटं टाकीच्या तोंडावर.

“बाई, मागे लाइन हाय,” पंपावरचा माणूस म्हणाला.

“विलास,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “जरा इकडे ये.”

विलास उतरला, मीही उतरलो. टाकीच्या तोंडावर दुधाची धुतलेली पिशवी होती, चौकोनी कापून, दुहेरी केलेली.

विलासनं पिशवीकडे बघितलं, मग बाईंकडे. “ह्या कवापासून?”

“जूनपासून. तूच म्हणाला होतास, पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, इंजिन खराब होईल.”

“मी बोल्लो झाकन घट लावा.”

“मी जरा जास्तच घट्ट लावलं,” बाई म्हणाल्या.

ज्यांना हे कळलं नसेल त्यांनी सरबताच्या बाटलीत नळी घालून, बाटलीचं तोंड अंगठ्यानं घट्ट दाबून, ओढून पाहावं. दोन घोट येतात, मग गाल आत जातात आणि सरबत येत नाही. टाकीतून पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला बारीकसं भोक ठेवलेलं असतं. बाईंची पिशवी त्या भोकावर हात ठेवून बसली होती. टाकी अर्धी असली की आतल्या हवेवर बराच वेळ भागायचं. गळ्यापर्यंत भरली की आत हवा जवळजवळ नाहीच. थोडं अंतर गेलं की इंजिनाला ओढता येईना, आणि एवढं अंतर गेल्यावर कुठलीही गाडी गरम होतेच. मग अर्धा तास थांबलं की पिशवीच्या सुरकुत्यांतून चोरून हवा आत शिरायची, आणि लोक म्हणायचे, बघा, थंड झाली, चालू झाली. ओल्या फडक्याला फुकटचं श्रेय.

विलासनं पिशवी काढायला हात घातला तर बाईंनी तो धरला. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “आत्ता काढली तर गाडी थांबणार नाही, आणि का थांबली नाही ते आपल्याला नक्की कळणार नाही. आधी थांबू दे.” आणि पिशवी नीट ताणून, वर झाकण घट्ट लावून, गाडीत जाऊन बसल्या.

आपली गाडी रस्त्यात बंद पडावी म्हणून तीन मोठी माणसं श्वास रोखून बसलीत, असा प्रवास मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही नाही. गव्हाण फाटा गेला. गाडी मजेत चालली होती. बाई कासावीस. “आज खोकत नाही वाटतं,” त्या पुटपुटल्या. विलास डोळे मिटून बसला होता, आणि त्याचे ओठ हलत होते ते गावदेवीला नवस करत होते की आणखी काही, ते मी विचारलं नाही. जासईच्या अलीकडे गाडीनं पहिला आचका दिला. बाई ओरडल्याच, “आली.” दुसरा आचका, आणि गाडी कडेला थांबली.

आजवर जो तो पुढे जाऊन बॉनेट उघडत होता. बाई मागे गेल्या. एक ट्रेलर धडधडत येत होता, तो जाईपर्यंत त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवून ठेवलं. मग कान जवळ नेला आणि झाकण फिरवलं.

फुस्स. लांबलचक, सुटकेचा.

“चालू कर,” बाई म्हणाल्या. विलासनं चावी फिरवली. बॉनेटला हात लावता येत नव्हता इतकं इंजिन तापलेलं, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन, फडक्याला पाण्याचा थेंब नाही, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. विलास तसाच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मग उतरला, खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले, आणि त्या फडक्याचं सगळं काळं त्याच्या तोंडाला लागलं.

बाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्यांनी पिशवी पुन्हा लावली. पुढे पुन्हा गाडी थांबवली, पुन्हा फुस्स ऐकला, मला ऐकवला, विलासला ऐकवला. तिसऱ्यांदा लावायला निघाल्या तेव्हा मीच म्हणालो, बाई, पडवीत बायका बसल्यात. उरणला पोचलो तेव्हा त्या बायकांनी आम्हा तिघांची जी संभावना केली, ती फक्त त्यांनाच करता येते. बाई ती ऐकताना हसत होत्या.

सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली होती. टिपणीसांनी विलासचा विषय वाचून दाखवला, आणि तेवढ्यात बाई जिना चढून आल्या. कोट घातलेला, धाप लागलेली. त्यांनी टिपणीसांच्या टेबलावर ती पिशवी ठेवली आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, काहीही न गाळता. मग म्हणाल्या, “विलासनं मला विचारलं होतं, न सांगितलेलं काय. मी म्हणाले, काही नाही. इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना हेच विचारते, आणि मला विचारलं तर मी तुमच्यासारखीच निघाले. इंजिन चांगलं आहे. खराब मी होते.”

 पण टिपणीस सहजासहजी बसणाऱ्यांतले नव्हते. ते घसा साफ करून म्हणाले, “ते ठीक आहे डॉक्टर, पण मुळात अपघाताच्या गाडीचं इंजिन आणलं, हा मुद्दा राहतोच.”

“टिपणीस,” बाईंनी मोठ्या मायेनं विचारलं, “मिशा कशा आहेत?”

टिपणीस खाली बसले. विषय पुढे गेला तो दिवाळीच्या रोषणाईकडे. विलासची पाटी दिवाळीला उतरली नाही, उलट रंगवून निघाली. दोरीनं ओढून नेलेली गाडी तशीच दोरीनं परत आली.

ती पिशवी बाईंनी दवाखान्याच्या भिंतीवर, फुप्फुसांच्या चित्राशेजारी, चिकटपट्टीनं लावून टाकली. रोग्यानं विचारलं की हे काय, की त्या सांगायच्या, ही माझी केस. मग सगळी हकिगत, फुस्ससकट. गंमत अशी, की ते ऐकल्यावर माणसं तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणेनाशी झाली. डॉक्टरचंच बिंग भिंतीवर लटकलेलं बघून ती आपलंही एखादं काढून ठेवायची. आणि विलासच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की तो आधी बॉनेट उघडत नसे. पत्र्याच्या खांबाला टेकून उभा राही आणि विचारी, कवापासून? काय बदलला? आणि मग जरा थांबून, तिसरा. करावे गावच्या त्या पत्र्याखाली मी बँकेतल्या मॅनेजरांना पोरांसारखं कबूल करताना पाहिलं आहे, की हो, क्लचवर पाय ठेवून चालवतो मी.

दशक संपता संपता बाईंनी दवाखाना बंद केला. गुडघे बोलायला लागले होते, आणि उरणच्या बायकांना आठवड्यातून एक दिवस पुरेना. सामान टेंपोनं पुढे उरणला गेलं. फियाटमध्ये बाई, ब्लडप्रेशरचं यंत्र, आणि भिंतीवरून काढलेली पिशवी. विलास सकाळीच येऊन तेलपाणी बघून गेला होता, तो निरोपाच्या वेळी पुन्हा आला. पॅन्ट-शर्ट इस्त्रीचा, हात स्वच्छ. टिपणीसही आले होते, पांढऱ्याशुभ्र मिशांनी.

 बाईंनी प्रत्येकाला पथ्य सांगितलं. मला म्हणाल्या, शेजारी, तो खोकला अजून तसाच आहे. मग दार उघडून एक पाय आत टाकला, तेव्हा विलास पुढे झाला.

“डॉक्टरबाय,” तो म्हणाला, “आनि न सांगितलेला?”

बाई तशाच थांबल्या. एक पाय गाडीत, एक नेरूळच्या जमिनीवर. आमच्याकडे, खिडक्यांकडे, पाटी काढल्यावर भिंतीवर राहिलेल्या चौकोनाकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

“बरंच आहे, विलास,” त्या म्हणाल्या. “ते बरोबर घेऊन चाललेय.”

दार लागलं. गाडी आवाराबाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत सरळ जाताना दिसत राहिली. आम्ही सगळे उभे होतो, आणि आत्ता एक आचका देईल, दोन देईल, थांबेल, असं प्रत्येकाला उगीचच वाटत होतं.  पण ती थांबली नाही. इंजिन चांगलं होतं.